आधी चार फेऱ्या रिकाम्या हाताने: कष्टकऱ्यांचं रोजचं जगणं टिपायला निघालेल्यांसाठी

भंगार वेचणाऱ्या बायका, गटारात उतरणारे कामगार, रात्रपाळीचे पहारेकरी, परक्यांच्या घरी भांडी घासणाऱ्या मुली. अशा कुणाच्या जगण्यावर फोटोमालिका किंवा छोटा माहितीपट करायचं मनात आलं की नवखा माणूस आधी विचारतो, कॅमेरा कुठला घेऊ? हातात असेल तो घ्या. बरा फोनसुद्धा पुरतो. कामं फसतात ती वेगळ्याच जागी. बोललेलं ऐकू येत नाही, चेहरे काळे पडतात, कार्ड चुकून पुसलं जातं. आणि सगळं जमून आल्यावर जिच्यावर फिल्म केली तीच बाई म्हणते, "हे दाखवू नका." हे शेवटचं सगळ्यात महागात पडतं, म्हणून खालचा क्रम मुख्यतः ते टाळण्यासाठी लावला आहे.

१. विषय बारीक करा

"वस्तीतलं जीवन" हा विषय होत नाही, तो गठ्ठा आहे. एक काम, एक जागा, एक किंवा दोन माणसं आणि ठरलेला काळ, एवढं पकडा. उदाहरणार्थ, भंगाराच्या शेडमध्ये प्लास्टिक निवडणाऱ्या दोघी, एक महिना. पहिल्या कामाला दहा मिनिटांची फिल्म किंवा पंधरा-वीस फोटो भरपूर झाले. सुरुवातीला काय असेल आणि शेवटी काय बदललेलं असेल, हे एका ओळीत लिहून पाहा. लिहिता येत नसेल तर विषय अजून मोठा आहे.

२. रिकाम्या हाताने जा

किमान चार फेऱ्या कॅमेऱ्याशिवाय मारा आणि चारही वेगवेगळ्या वेळी: पहाटे, भर दुपारी, काम सुटताना, सुट्टीच्या दिवशी. वही न्या. ऊन कुठल्या वेळी कुठल्या दारातून आत येतं, कुठलं यंत्र कधी सुरू होतं, हिशेब कधी होतो, कुठल्या घटकेला मध्ये बोललेलं खपत नाही, हे टिपून ठेवा. पुढे चित्रीकरणाचं वेळापत्रक याच पानांवरून बनतं.

तुम्हाला आत कोण घेऊन गेलं, याकडे लक्ष ठेवा. मुकादमाबरोबर गेलात तर तुम्ही मुकादमाची माणसं. एखाद्या संस्थेच्या गाडीतून उतरलात तर समोरचा माणूस संस्थेला जे ऐकायचं असतं तेच बोलेल. मुकादमाची परवानगी जागेपुरती असते. तिथल्या माणसांच्या वतीने तो हो म्हणू शकत नाही, आणि त्याच्या देखत विचारलं तर नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही. म्हणून माणसांना त्यांच्या घरी किंवा वाटेत, एकेकट्याने विचारा.

३. संमती तीनदा घ्यायची

छापील कागदावर अंगठा घेतला की संमती मिळाली, ही समजूत सगळ्यात आधी टाका. तो कागद तुमच्या सोयीचा. समोरच्याला कळलेलं असतं एवढंच की कुणीतरी फोटो काढणार आहे. तो फोटो हजारो अनोळखी लोक पाहतील, घरमालक पाहील, मुलांच्या शाळेतले पाहतील, हे त्या कागदातून डोळ्यांसमोर उभं राहत नाही.

पहिली संमती चित्रीकरणाआधी. बसून बोला: "मावशी, हे आम्ही फोनवर, नेटवर दाखवणार. तुमचा मालकही बघू शकेल. चालेल?" मग चार गोष्टी सुट्या सुट्या विचारा: चेहरा, आवाज, नाव, ठिकाण. कुणाची चेहऱ्याला हरकत नसते पण नावाला असते, कुणाचं नेमकं उलटं. चारही उत्तरं वहीत एका रकान्यात लिहा आणि तेच बोलणं रेकॉर्डही करून ठेवा. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची तोंडी, रेकॉर्ड केलेली संमती अंगठ्यापेक्षा खरी असते. मूल असेल तर पालकाला विचारा आणि मुलालाही. पालक हो म्हणाले पण मूल तोंड फिरवतंय, तर कॅमेरा खाली.

दुसरी संमती चित्रीकरणानंतर, कच्चं संकलन, म्हणजे ढोबळ जोडलेली फिल्म, दाखवून. तिसरी प्रसिद्धीच्या अगदी आधी, कारण मधल्या काळात परिस्थिती पालटते. नोकरी बदलते, खटला उभा राहतो, लग्न ठरतं.

दाखवून विचारण्याची ही पद्धत आजची नाही. कॅनडात न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावरच्या मच्छीमारांना तिथून हलवण्याचं सरकारच्या मनात होतं. १९६७ साली कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डातर्फे दिग्दर्शक कॉलिन लो यांनी तिथे छोट्या छोट्या फिल्म केल्या. त्या आधी बेटावरच्यांना दाखवल्या, नको ते काढून टाकण्याचा हक्क त्यांना दिला आणि मगच बाहेर नेल्या. गावागावांतले लोक पडद्यावर एकमेकांचं ऐकू लागले, सरकारपर्यंतही त्यांचं म्हणणं पोचलं. बेटावर मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि स्थलांतर टळलं. नुसत्या फिल्ममुळे हे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, पण दाखवून घेतलं म्हणून फिल्म कमकुवत झाली नाही, एवढं नक्की.

पैशांचं काय? बोलण्याचे पैसे देऊ नका, नाहीतर बोलणं दर पाहून बदलतं. पण तुमच्यामुळे कुणाची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडत असेल तर ती भरून द्या, आधी ठरवून आणि उघडपणे. ती बुडू देऊन "आम्ही तटस्थ आहोत" म्हणण्यात काही शोभा नाही.

४. फोटो: जवळ जा, उजेड ओळखा

लांबून खेचणारी झूम लेन्स घरी ठेवा. पस्तीस मिलिमीटरच्या आसपासची लेन्स किंवा फोनचा मुख्य कॅमेरा घ्या. त्याने फोटो काढायला चार पावलं पुढे जावं लागतं, म्हणजे समोरच्याला तुम्ही दिसता आणि नको म्हणायची संधी त्याला मिळते. फोनवर डिजिटल झूम वापरू नका, आणि चेहरा उजळवणारा ब्यूटी मोड आठवणीने बंद करा. तो सुरकुत्या पुसतो, रंग गोरा करतो, थोडक्यात माणूसच बदलतो.

नुसत्या उभ्या किंवा बसलेल्या माणसासाठी शटर (कॅमेऱ्याची झडप उघडी राहण्याचा वेळ) सेकंदाचा १२५ वा भाग, काम करणाऱ्या हातांसाठी २५० वा किंवा त्याहून वेगवान. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ऑटोवर ठेवून कमाल मर्यादा ६४०० लावा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं भोक, एफ/४ ते एफ/५.६ ठेवा (आकडा लहान तेवढं भोक मोठं). एफ/१.८ वर मागचं सगळं लोण्यासारखं विरघळतं आणि दिसायला छान दिसतं, पण विरघळतं ते त्या माणसाचं घर, भिंतीवरचं कॅलेंडर, कोपऱ्यातली हत्यारं. या प्रकारच्या कामात माहिती त्यातच असते.

उजेडाच्या तीन फजित्या जवळजवळ सगळ्यांच्या होतात.

दारात बसलेला माणूस आणि मागे बाहेरचं ऊन: कॅमेरा उन्हाचं माप घेतो आणि चेहरा कोळसा होतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतलेला उजेड, एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), बाहेरचं पांढरं झालं तर होऊ द्या. सावळा चेहरा आणि पांढरी भिंत असली तरी तेच घडतं, तिथे पाऊण ते एक स्टॉप पुरतो. उलट अंधाऱ्या शेडमध्ये चेहऱ्यावर एकच कवडसा असेल तर कॅमेरा अंधार उजळायला जातो आणि चेहरा जळतो. तिथे एक स्टॉप कमी करा. फोनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की माप बहुधा तिथलं घेतलं जातं आणि कुलूप लागतं.

निळी ताडपत्री: तिच्यातून झिरपलेला उजेड सगळ्यांना निळं करतो आणि ऑटो व्हाइट बॅलन्सला (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सोय) त्यातून मार्ग सापडत नाही, कारण फ्रेमच्या एका कडेला खरं ऊनही असतं. माणसाला उघड्या बाजूकडे तोंड करून बसायला सांगा. ते शक्य नसेल तर त्याच ताडपत्रीखाली पांढरा कागद धरून त्यावर व्हाइट बॅलन्स लावा, आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये, काढा.

एलईडी आणि ट्यूब: पन्नास हर्ट्झच्या विजेवरचे दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. शटर ५० वा किंवा १०० वा भाग ठेवला नाही तर व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. साठ हर्ट्झच्या देशांत हेच आकडे ६० आणि १२०. काही स्वस्त एलईडी याही हिशेबात बसत नाहीत. मग तो दिवा बंद करून खिडकी गाठा.

फ्लॅश नको. त्याने समोरचा माणूस सापडलेल्या चोरासारखा दिसतो.

५. व्हिडिओ: एक काम, पाच शॉट

सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर ५० वा भाग, इथून सुरुवात करा. भर उन्हात एवढं मंद शटर ठेवलं तर चित्र पांढरं पडतं, म्हणून लेन्सवर एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी राखाडी काच, लागतो. हिशेब सोपा आहे. लख्ख उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १०० वा भाग बरोबर बसतो. तुम्हाला हवंय एफ/४ आणि ५० वा भाग, म्हणजे अॅपर्चरचे चार स्टॉप आणि शटरचा एक. पाच स्टॉप उजेड अडवायचा, म्हणजे पाचदा निम्मा करून बत्तिसावा भाग ठेवायचा: एनडी ३२.

आता प्लास्टिक निवडणारी बाई समोर आहे असं धरा. ती पोत्यातून बाटली काढते, झाकण पिळून वेगळं करते, वरचा कागद नखाने सोलते, बाटली उजेडाकडे धरून बघते आणि तीनपैकी एका ढिगाकडे भिरकावते. सगळं चार-पाच सेकंदांत उरकतं. नवखा माणूस कॅमेरा हातात घेऊन या हालचालीमागे फिरत राहतो आणि घरी आल्यावर कापण्याजोगं काही सापडत नाही. त्याऐवजी कॅमेरा एका जागी धरा आणि काम त्याच्यासमोर होऊ द्या. आधी रुंद शॉट, सगळी शेड आणि तिच्यात ती. मग कमरेपासून वर. मग फक्त हात, झाकण पिळताना. मग फक्त चेहरा, बाटली बघताना. शेवटी तिच्या खांद्यामागून, तिला दिसतात तसे ते तीन ढीग. प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद हलू न देता. हेच काम ती दिवसात शेकडो वेळा करते, त्यामुळे "परत करून दाखवा" म्हणायची गरज पडत नाही, पुढच्या बाटलीची वाट पाहिली की झालं. नखाने कागद सोलायचा तो शॉट मात्र चुकवू नका. तिचं कसब तिथे दिसतं. दैन्य शोधत आलेल्या कॅमेऱ्याला ते दिसत नाही.

उंचीही सांभाळा. खाली बसून काम करणाऱ्याला उभ्याने टिपलं की तो आपोआप बापुडवाणा दिसतो. तुम्हीही बसा.

६. आवाजाला अर्धी शक्ती द्या

धूसर चित्र लोक सहन करतात, न कळणारं बोलणं करत नाहीत. कॅमेऱ्यावरचा माइक दोन मीटरवरून बोलणं कमी आणि शेडचा पत्रा जास्त ऐकतो. पहिला खर्च कॉलरला लावायच्या माइकवर करा. तो हनुवटीखाली एक वीतभर, पंधरा-वीस सेंटिमीटरवर लावा. वायर दुसऱ्या फोनला जोडा, तो फोन विमान मोडवर टाका आणि बोलणाऱ्याच्या खिशात ठेवा. दोन्हीकडे रेकॉर्डिंग सुरू झालं की कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवा. संकलनात चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळतात. फोनचा व्हिडिओ बऱ्याचदा बदलत्या फ्रेमगतीने साठतो आणि दहा मिनिटांनी ओठ व आवाज यांची ताटातूट होते. म्हणून संकलनाआधी तो स्थिर फ्रेमगतीत बदलून घ्या.

रेकॉर्डर असेल तर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बोलण्याची उंच टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावीत, उणे ६ च्या वर जाऊ नयेत. ऑटो लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप बदलणारी सोय, बंद करा. माणूस थांबला की ते मागचा गलका फुगवतं आणि बोलू लागला की दाबतं, आणि हे नंतर दुरुस्त होत नाही. कानावर हेडफोन हवेतच. पदर माइकला घासतोय, माळ वाजतेय, बांगड्या किणकिणतायत, हे उघड्या कानाला कळतच नाही. वाऱ्यासाठी माइकला केसाळ टोपी घाला. घरघर नको म्हणून फ्रिज बंद करायचा असेल तर स्वतःच्या चाव्या त्यात ठेवा, म्हणजे परत सुरू करायचं विसरून तुम्ही निघणार नाही. दुसऱ्याच्या घरातला फ्रिज आहे तो.

निघण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा नुसता आवाज साठ सेकंद घ्या. कापाकापीतले खड्डे त्याने बुजतात. हे साठ सेकंद सगळेच विसरतात.

७. बोलतं करणं

"तुम्हाला कसं वाटतं?" या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळतं: काय वाटायचंय. कृती विचारा. "सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?" "हे झाकण वेगळं का काढायचं?" "हे काम तुम्हाला कुणी शिकवलं?" माणूस आपल्या कामाबद्दल बोलू लागला की बाकीचं त्यात आपसूक येतं. उत्तर संपल्यावर मनात पाच आकडे मोजा आणि मगच पुढचा प्रश्न. खरं वाक्य पुष्कळदा त्या शांततेत येतं. मान डोलवा, पण "हं, हं" करू नका, ते रेकॉर्ड होतं. तुमचा प्रश्न फिल्ममध्ये नको असेल तर उत्तरातच प्रश्न गुंफून बोलायची विनंती आधी करा.

भाषा वेगळी असेल तर दुभाषी लागेल. तो मालकाचा माणूस नको, आणि त्याने सारांश न देता वाक्यागणिक सांगावं.

कुणी रडू लागलं तर कॅमेरा थांबवायचा का? थांबवा. त्यांनीच "चालू ठेवा" म्हटलं तर ठेवा.

८. त्याच रात्री

सेकंदाला १०० मेगाबिट दराचा व्हिडिओ तासाला ४५ जीबी होतो. वीस तासांचं फुटेज म्हणजे ९०० जीबी, आणि प्रती हव्यात तीन: दोन वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरात. दोन्ही डिस्कवरच्या काही फाइल उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. फोल्डरला तारीख वर्षापासून लिहा, म्हणजे ते आपोआप क्रमाने लागतात. फोनमधलं लोकेशन बंद आहे ना तेही पाहा. एरवी प्रत्येक फोटोच्या पोटात त्या घराचे अक्षांश-रेखांश बसलेले असतात.

नको वाटलेले फोटो पुसू नका. अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी छायाचित्रण प्रकल्पाचे प्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला चक्क भोक पाडत. आज त्या भोक पडलेल्या चित्रांतही अभ्यासकांना खूप काही सापडतं.

९. फोटोखालच्या ओळी लिहून ठेवा

नाव, काम, तारीख, ठिकाण, आणि त्या माणसाचं एखादं वाक्य त्याच्याच शब्दांत. हे त्याच दिवशी लिहा. १९०८ पासून अमेरिकेत बालमजुरीविरोधी समितीसाठी फोटो काढणारे लुईस हाइन आपल्या जाकिटाच्या गुंड्या जमिनीपासून किती उंचीवर आहेत हे पाठ ठेवत, मूल शेजारी उभं राहिलं की त्यावरून त्याची उंची ओळखत आणि खिशातल्या खिशात टिपून घेत. फोटोखाली उंची, वय आणि काम असल्यामुळे तो पुरावा ठरे.

उलटं उदाहरण अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांचं. १९३६ साली कॅलिफोर्नियात निपोमोजवळ त्यांनी एका स्थलांतरित मजूर आईचा फोटो काढला आणि तो जगभर गेला. त्यांनी तिचं नाव विचारलं नव्हतं. ती कोण हे जगाला कळलं १९७८ मध्ये, आणि त्या फोटोबद्दल तिच्या मनात राग होता. बेचाळीस वर्षं तिचा चेहरा लोकांना पाठ होता आणि ती मात्र निनावी राहिली.

१०. कापणं, लपवणं, दाखवणं

सगळं बोलणं आधी वेळेच्या आकड्यांसह कागदावर उतरवा आणि फिल्म कागदावरच जुळवा. वाक्य मधूनच तोडून अर्थ फिरत नाही ना, हे मूळ ऐकून तपासा. करुण पार्श्वसंगीत टाकण्याचा मोह आवरा. उपशीर्षकं दोन ओळींपेक्षा जास्त नकोत, आणि एक उपशीर्षक एका सेकंदापेक्षा कमी किंवा सातपेक्षा जास्त टिकू नये.

ज्यांनी चेहऱ्याला नाही म्हटलंय त्यांचा चेहरा नंतर धूसर करण्यापेक्षा मुळातच टिपू नका: हात, पाठ, सावली. टिपला गेलाच असेल तर भरीव रंगाचा चौकोन टाका, कारण हलकी धूसरता पुष्कळदा उलगडता येते. आवाजाची पट्टी बदलूनही भागत नाही, ती परत फिरवता येते. ते शब्द दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. मग त्या माणसाला ओळखणाऱ्या एखाद्याला, अर्थात त्याच्या परवानगीने, ती क्लिप दाखवा. चाल, गोंदण, साडी, मागचं दार, कशावरून तरी ओळख पटतेच. पटली तर परत कापा.

कच्चं संकलन दाखवायला लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी जा, लिंक पाठवू नका. एकदा सलग दाखवा, दुसऱ्यांदा थांबत थांबत. आधी ते हसतील, मग शेजाऱ्यांना बोलावतील, आणि त्या गर्दीत कुणी हरकत घेणार नाही. म्हणून दोन दिवसांनी परत जा आणि एकट्याने विचारा. काढा म्हणाले तर कारण न मागता काढा. कुठल्या तारखेपर्यंत काढता येईल हेही तेव्हाच सांगा, कारण नेटवर गेलेलं पुरतं परत येत नाही. फिल्म पूर्ण झाल्यावर तिची प्रत पेनड्राइव्हवर आणि फोटोंचे छापील प्रिंट त्यांना द्या. प्रिंटमागे तारीख आणि तुमचा फोन नंबर लिहा, आणि नंबर बदलला तर नवा कळवा.